बारकीचा खिळा

रविवारी अकराच्या सुमारास अप्पा घडीच्या खुर्च्या आणायला आपल्या कुलूप-किल्लीच्या दुकानात उतरले आणि फळीसमोर थबकले. धाकट्या लेकीचा, बारकीचा खिळा रिकामा होता.

त्यांनी दिवा लावला, तरी खिळा रिकामाच. किल्ली खाली पडली असेल म्हणून वाकून पाहिलं, मशीनखालचा पितळेचा चुरा हाताने चाळला, गिऱ्हाइकाला चुकून दिली असेल म्हणून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मग खुर्चीची घडी न उघडताच तिच्यावर बसायला गेले आणि पडता पडता वाचले.

फळी त्यांच्या वडिलांनी ठोकलेली. खिळ्यांच्या दोन रांगा, प्रत्येक खिळ्याखाली घरातल्या एकेकाचं नाव. घरात कुणीही नवं कुलूप घेतलं की त्याची तिसरी किल्ली फळीवर यायची, हा नियम. कुणाचं लग्न झालं, कुणी जागा बदलली, तरी आधी किल्ली यायची आणि मग पत्ता. घरचं माणूस मागायला आलं की का, कशाला, असं न विचारता काढून द्यायची. या घरातलं कुणी कधी दाराबाहेर ताटकळत बसलं नाही, आणि या गोष्टीचा अप्पांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या पोरांचाही नसेल.

बारकीला नवऱ्याचं घर सोडून बारा दिवस झाले होते. एक पिशवी, अंगावरचे कपडे आणि "मी ठीक आहे, शोधू नका" एवढाच पहिल्या दिवशीचा एक फोन. घरात नुसता गोंधळ. जावयासारखा जावई, सोन्यासारखा, असं का व्हावं? आणि गेल्या बुधवारी ती अप्पांना सापडली, तीही त्यांच्या धंद्यामुळे.

मार खाऊन, अत्याचार सोसून बाहेर पडलेल्या बायकांना जे मदत केंद्र खोली शोधून देतं, पोलिसांत आणि कोर्टात सोबत जातं, त्या केंद्राची कुलपं अप्पा बारा वर्षं बसवत होते. घरी याची वाच्यता नाही. केंद्राच्या अटीच तशा: पत्ता कुठे लिहायचा नाही, बाईला काही विचारायचं नाही, आणि कुलपाच्या सगळ्या किल्ल्या तिच्याच हातात द्यायच्या. बुधवारी एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दार वाजवलं आणि समोर बारकी उभी. लग्नानंतरच्या नावावरून केंद्राला कुठून कळणार कोणाची कोण ते!

"अप्पा, आधी कुलूप लावा," ती म्हणाली होती. "मग काय ते बोला."

त्यांनी कुलूप लावलं. आतून एक जाड कडीही लावली. लहानपणी धरायची तसे तिने स्क्रू तळहातावर धरले होते. बोलायचं मात्र राहूनच गेलं.

नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. दोन तिच्या हातात दिल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. तिसरी सदऱ्याच्या खिशात राहिली असणार, कारण संध्याकाळी दुकानात खिसा रिकामा करताना हातांनी ती परस्पर तिच्या खिळ्यावर टांगली, तिच्या सासरच्या घराच्या किल्लीशेजारी. बारा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. परक्या बायकांच्या किल्ल्या खिशात राहिल्या नव्हत्या, कारण त्यांच्या नावाचे खिळे फळीवर नव्हते.

आणि आता दोन्ही किल्ल्या नव्हत्या.

*

वर स्वयंपाकघरात बारकीच्या आईला जेवण किती माणसांचं करायचं ते कळत नव्हतं. जावई आला तर सहा पानं. तो जेवायला थांबावा असं आपल्याला वाटतंय की थांबू नये असं, हेही कळत नव्हतं. म्हणून तिने सातजणांचं केलं.

बैठक बोलावली होती आत्याने, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीने. 'दोन्ही बाजू ऐकून घेऊ' हे तिचं म्हणणं. एक बाजू येणारच नव्हती, कारण केंद्रातल्या बाईंनी बारकीला सांगितलं होतं की अशा बैठकीत बाजू दोन असतात आणि खुर्च्या सगळ्या एकाच बाजूला. बारकीने तसं फोनवर वहिनीला कळवलं, आणि आत्या दोन दिवस फुरंगटून बसली होती.

आईचा चष्मा जावयाने बनवलेला होता. तो चष्मेवाला. मागच्या वर्षी ती जिन्यात पडली तेव्हा आठवडाभर रोज दवाखान्यात नेणारा तोच. स्वतःचा मुलगा तेव्हा "आज जरा गडबड आहे" म्हणत होता. हाच माणूस बारकीवर हात उचलतो? आई मनात दोन माणसं शेजारी शेजारी उभी करून पाहायची आणि दोघं काही केल्या एक व्हायचे नाहीत. मग ती एकाला घालवायची. बहुतेक वेळा वाईटालाच घालवायची, कारण तिने त्याला पाहिलेलं नव्हतं.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. हातात एकही खुर्ची नाही.

"बारकीच्या खिळ्यावरची किल्ली तू काढलीस?"

"मी कशाला काढू? आणि जाईना का ती. तिच्या सासरचीच ना?"

"दोन होत्या."

आईचा ढवळता हात थांबला. "दुसरी कसली?"

"नव्या खोलीची."

"अहो! तिने शोधू नका म्हटलेलं असताना तुम्ही ठेवलीत?"

"मी नाही ठेवली. ठेवली गेली."

"म्हणजे काय ते? किल्ली काय स्वतःच्या पायांनी चढली खिळ्यावर?"

अप्पा बाहेर गेले, आणि आई गॅससमोर तशीच उभी राहिली. तिला वेगळंच आठवत होतं. गुरुवारी जावयाचा फोन आला होता. लहान मुलासारखा रडत होता. "आई, ती जिवंत आहे एवढं तरी सांगा." तिचं काळीज विरघळलं आणि अप्पांनी आदल्या रात्री तिला समजूत म्हणून सांगितलेलं तिने त्याला समजूत म्हणून सांगून टाकलं. चांगली आहे हो. लाँड्रीच्या वर खोली आहे, खालच्या गरम पाइपांमुळे भिंत छान उबदार असते. पत्ता काही तिने सांगितला नव्हता. पत्ता तिला माहीतच नव्हता. तिने तोच विचार चार वेळा मनात घोकला आणि भाजी करपली.

*

बाहेरच्या खोलीत आत्या मधल्या खुर्चीवर बसली होती. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून दिल्यामुळे निवृत्तीनंतर तिने स्वतःच्या बोलण्याचा सगळा अनुशेष भरून काढायला घेतला होता. ती बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार आणि गाडी चुकलेली, असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे बारकीचा थोरला भाऊ, अप्पांनंतर दुकानाचा धनी. त्याची बायको, जिला सगळेच वहिनी म्हणत, दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते. ती खिडकीपाशी उभी होती. तिला बसायचं नव्हतं.

"किल्ली?" दादा म्हणाला. "मी दिली ना. शुक्रवारी जावईबापू आले होते. त्यांची हरवली म्हणाले. तिसरी द्या म्हणाले, दिली. त्यात एवढं काय?"

"किती दिल्यास?" अप्पांनी विचारलं.

"खिळ्यावर होत्या त्या. दोन होत्या, दोन्ही दिल्या. घरचा माणूस मागतोय म्हटल्यावर मी काय त्याची उलटतपासणी घेऊ? तुम्हीच शिकवलंय की न विचारता द्यायची."

ते खरंच होतं, आणि म्हणून अप्पांना राग कुणावर काढावा ते उमगेना.

"तुला दोन किल्ल्या बघून काही वाटलं नाही?" वहिनीने विचारलं.

"काय वाटायचं? एक पुढच्या दाराची, एक मागच्या!"

"त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मागचं दार कुठे काढलंस तू?"

दुसरी किल्ली कसली हे अप्पांनी दादाला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तो चिडला. ज्याची चूक असते तोच आधी चिडतो, आणि दादाला आपली चूक होती की नव्हती हेच ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं ती कुठे आहे! आणि मी इथे वेड्यासारखा बसस्टँड पालथे घालत होतो!"

"हळू बोल," आत्या म्हणाली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरातलं घरात मिटवायचं, म्हणून तर बसलोय."

"आत्या, तिचा दात तुटलाय," वहिनी म्हणाली.

दादा वळून तिच्याकडे बघायला लागला.

"मागच्या हिवाळ्यात. आमच्याच दवाखान्यात आली होती. कार्डावर मी स्वतः लिहिलंय, 'जिन्यात पडून'. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पडून असा दात तुटत नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, वहिनी, शपथ घे. मी शपथ घेतली. पुढच्या तारखेच्या कार्डामागे केंद्राचा नंबर लिहून दिला. तिने तो फिरवायला आठ महिने लावले."

"तुला आठ महिने माहीत होतं?" दादाचा आवाज चिरकला. "आणि माझ्या शेजारी बसून त्याच्याबरोबर पत्ते खेळत होतीस?"

"हो. आणि दर वेळी वाटायचं की सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, सांगितलं तर तू जाऊन त्याला विचारशील. मग घरी गेल्यावर तिचं काय होईल?"

दादाला बायकोचा हात धरावासा वाटला आणि तिला घराबाहेर काढावंसंही वाटलं. तो नुसता उभा राहिला.

आत्याने मान हलवली. "दात तुटणं म्हणजे... कधी धक्का लागतो, रागाच्या भरात. मी म्हणत नाही की बरोबर आहे. पण माणूस वाईट नाही गं. तुझ्या सासूसाठी काय कमी केलं त्याने?"

तेवढ्यात बेल वाजली. एकाच वेळी चौघंजण दार उघडायला निघाले आणि मग एकाच वेळी चौघंही थांबले.

*

जावई फळांची करंडी घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत्याच्या पाया पडला, आईला म्हणाला, "चष्मा डाव्या बाजूला झुकलाय तुमचा," आणि तो काढून घेऊन अंगठ्याने दांडी अशी हलकी वाकवली, पुन्हा तिच्या कानांवर बसवला, की आईचे डोळेच भरून आले. वहिनी त्या बोटांकडे बघत राहिली. किती हलका हात, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"मी भांडायला आलो नाही," तो बसत म्हणाला. "टाळी काही एका हाताने वाजत नाही, पण दोन्ही हात माझेच होते असं समजा. ती यावी एवढंच. ती म्हणेल त्या डॉक्टरकडे मी येईन. ती म्हणेल तिथे सही करीन."

"बघा," आत्या म्हणाली. तिचा आवाज भिजला होता. "एवढं कोण म्हणतं हल्ली?"

"आणि हो, दादा," तो खिशात हात घालत म्हणाला, "परवाची ही किल्ली. एक आमची निघाली, ही दुसरी काही कुठे लागेना. तुमच्या दुकानातली कुणाची तरी असेल. म्हटलं, बिचारा कोण दाराबाहेर बसला असेल!"

त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

दादाने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. त्याने बायकोकडे विजयाने पाहिलं. म्हणजे याला माहीतच नव्हतं! आपण उगाच त्या बिचाऱ्याला... आईने पदराने डोळे पुसले. वहिनीसुद्धा गोंधळली. खरंच परत आणून देणारा माणूस कसा काय...

अप्पांनी किल्ली उचलली. त्यांनाही हलकं वाटत होतं. सवयीने त्यांनी ती उजेडात धरली, दात वर करून, जशी दिवसातून शंभर किल्ल्या धरत.

बुधवारी ती नवीकोरी होती. कारखान्यातून निघालेली, खिशात आणि मग खिळ्यावर राहिलेली, कुठल्या कुलपात धड फिरवलेलीही नाही. आता तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी, धरायच्या चकतीच्या जरा पुढे, बारीक चौकोनी दाब उठला होता. मशीनच्या पकडीत आवळल्याशिवाय तो उठत नाही. आणि दातांच्या कडेवरून एक चकचकीत रेघ गेली होती, नक्कल काढताना मशीनची सुई जिथून फिरते तिथून. त्यांच्या मशीनची पकड गुळगुळीत, ती असा दाब सोडत नाही. हिची नक्कल दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात, घाईत काढली होती.

कुठे लागेना म्हणे! जी लागत नाही त्या किल्लीची नक्कल कोण काढतं?

बारा दिवसांचं धुकं अप्पांच्या डोक्यातून एका क्षणात गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते धुक्यापेक्षा वाईट होतं. त्यांना न्हाणीघर आठवलं. दोन वर्षांपूर्वी बारकीने बोलावून सांगितलं होतं, अप्पा, न्हाणीघराला आतून जाड कडी लावून द्या. त्यांनी थट्टा केली होती, काय गं, आत खजिना आहे का? ती हसली होती. केंद्राच्या कामावर कुठल्या बाईने असं म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नसता, कारण त्यांना उत्तर माहीत असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"जावईबापू," ते शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्या न्हाणीघराला मी कडी लावून दिली होती. आठवते?"

"न आठवायला काय! केवढी दणकट. मी तिला म्हटलंही, बँकेला शोभेल."

"कशाला लागली होती?"

तो हसला. "तिला झुरळांची फार भीती ना."

खोलीत सगळेच हसायच्या बेतात होते, कारण बारकी झुरळाला खरंच भ्यायची. पण आत्या हसली नाही. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झुरळ फटीतून येतं रे," ती म्हणाली. "कडी माणसासाठी असते."

जावयाचं हसू जागेवर राहिलं, फक्त त्यातले डोळे निघून गेले. एवढाच क्षण. मग तो म्हणाला, "आत्या, तुम्ही पण ना!"

अप्पा उठले. किल्ली मुठीत. "मी जरा खुर्च्या घेऊन येतो खालून."

खोलीत खुर्च्या पुरेशा होत्या. आत्याने भावाच्या बंद मुठीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिने आपली खुर्ची ओढून जावयाच्या आणि दाराच्या मध्ये आणली.

"जा तू," ती म्हणाली. "आणि जावईबापू, तुम्ही बसा. दादा, तूही बस इथेच, त्यांच्या शेजारी. खालच्या दुकानातली ती फळी आमच्या वडिलांनी का ठोकली, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. या पोरांनाही नाही सांगितलेलं. माझा नवरा फिरतीवर असताना गेला, एवढंच यांना ठाऊक. तो कामावर निघाला ना, की मला आत कोंडून बाहेरून कुलूप घालायचा. एकोणीस वर्षांची होते मी..."

दादा जावयाच्या शेजारी बसला. आत्याचं बोलणं त्याने प्रथमच उघड्या तोंडाने ऐकलं.

*

जिन्यात वहिनीने अप्पांना गाठलं. "काय झालं?"

"नक्कल काढलीय त्याने."

"कशावरून?"

त्यांनी किल्ली दाखवली. वहिनीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिला ते पटलं. "पण पत्ता? त्याला पत्ता कुठे माहीत आहे?"

"माहीत आहे," वरून आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी धरून उभी होती. "म्हणजे... लाँड्री माहीत आहे. मी सांगितली. अहो, तो रडत होता हो!"

अप्पांना ओरडायचं होतं. पण तिला लाँड्री कुणी सांगितली होती? ज्या तिघांनी बारकीला अंगाखांद्यावर खेळवलं, त्या तिघांनी मिळून, प्रेमापोटी, एक किल्ली आणि एक पत्ता त्याच्या हातात ठेवला होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"केंद्राला फोन लाव," ते वहिनीला म्हणाले. "नंबर लिहून घे."

"पाठ आहे."

रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. बंद दुकानांपुढून अप्पा इतके भराभर चालले की त्यांना धाप लागली. लाँड्रीच्या कोपऱ्यावर फोन वाजला. केंद्रातल्या बाई होत्या.

"तिचा फोन लागत नाहीये. मी निघालेय, वीस मिनिटं लागतील. तुम्ही दाराबाहेरून तिला सावध करा. आत जाऊ नका." मग जरा थांबून, "तिसरी किल्ली तुम्ही ठेवलीत?"

"ठेवली."

"ती तुमची मुलगी आहे, हे बुधवारीच सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं."

"हो."

"आताही कुलूप दुसरंच कुणी बसवेल. तुम्ही नाही."

धंद्याच्या चाळीस वर्षांत कुणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. "बरोबर आहे," अप्पा म्हणाले, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

ते जिना चढले. दाराला त्यांनीच लावलेलं कुलूप, त्यांच्या मुठीत त्याचीच किल्ली. आयुष्यात पोरांच्या कुठल्याही दारापुढे ते थांबले नव्हते. त्यांनी दार वाजवलं.

आत काहीतरी हललं आणि थांबलं. "कोण?"

"मी. अप्पा. दार उघडू नकोस."

पावलं दाराजवळ आली.

"आतली कडी लाव आधी. मग सांगतो."

कडी सरकल्याचा आवाज आला. जाड, पुरा बसलेला. "लावली," बारकी म्हणाली. आवाज दाराच्या अगदी जवळून येत होता. "काय झालं?"

"तिसरी किल्ली माझ्याकडे राहिली होती. मी फळीवर टांगली. त्याने ती नेली आणि नक्कल काढली. तो आता घरी आहे, आत्याने बसवून ठेवलाय. बाई येतायत."

खाली लाँड्रीतलं एक यंत्र घरघरत होतं.

"त्याला कुणी दिली?"

दादाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं. "मी," ते म्हणाले. "बाकीचं नंतर सांगेन. सुरुवात माझी."

"अप्पा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"खरंच?"

हा प्रश्न त्यांच्या वर्मी लागला, आणि तिने तो विचारला याचं त्यांना त्याच क्षणी बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते त्यांना कळेना. "खरंच. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस. बाईंचा आवाज ऐकल्याशिवाय उघडू नकोस."

"नाही उघडत," ती म्हणाली, आणि मग हळूच, "पण तुम्ही जाऊ नका."

अप्पा पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. आतून तीही दाराला टेकून बसली असावी, कारण दाराची फळी किंचित करकरली. बोलायचं बुधवारपासून राहिलं होतं, तरी दोघंही बोलले नाहीत.

बाई आल्या, त्यांच्यामागे हत्यारांची पेटी घेतलेली एक तरुण कुलूपवाली. बाईंनी दाराशी जाऊन हाक मारली, कडी निघाली. अप्पा चार पायऱ्या खाली उतरले आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. भिंत खरंच उबदार होती. मागे स्क्रू निघत होते, एकेक, सावकाश.

"छान बसवलंय हो हे," कुलूपवाली म्हणाली. "काढायलाच जिवावर येतंय. कुणी बसवलं?"

नवं पाकीट फाडल्याचा आवाज आला, मग किल्ल्या वाजल्या. वळून न बघताही अप्पांनी त्या मोजल्या.

"ताई, तीन आहेत," कुलूपवाली म्हणाली. "एखादी घरच्यांसाठी वेगळी काढून ठेवू का? बरेच जण ठेवतात."

"नको," बारकी म्हणाली. "तिन्ही मला द्या."

अप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घालून नीट चाचपून पाहिलं. खिसा रिकामा होता.